'मी चांगला दिसत नाही' या भावनेवर काम कसं करायचं: एक वही, एक आरसा आणि आठ आठवडे

'छान दिसतेस गं, उगाच काय!' या वाक्याचा असर फार तर दाराबाहेर पडेपर्यंत टिकतो. पुढच्या काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू. सांगणारा खोटं बोलत नसतो, पण उत्तर भलत्याच प्रश्नाला दिलेलं असतं. आपण वाईट दिसतो असं ज्याला सतत वाटतं, त्याच्या नाकात किंवा पोटात खरंच काही असेल किंवा नसेल. त्याचा दिवस मात्र त्या नाकावर ठरतो. त्यावरून कपडे ठरतात, फोटोत उभं राहायची जागा ठरते, कुठे जायचं आणि कुठलं आमंत्रण टाळायचं हेही ठरतं. म्हणून या लेखात देखणं कसं दिसावं याबद्दल काही नाही, आणि 'तुम्ही आहात तसेच सुंदर आहात' असा दिलासाही नाही. आठ आठवडे, रोज साधारण पंधरा-वीस मिनिटं, असं सवयींवरचं काम आहे. थोडं कंटाळवाणं आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी यंत्रणा समजून घ्या

आपल्या मनात स्वतःच्या शरीराचं एक चित्र असतं. पॉल शिल्डर या मनोविकारतज्ज्ञाने १९३५ साली या शरीरप्रतिमेची सविस्तर मांडणी केली, तेव्हापासून मानसशास्त्रात हा विषय मूळ धरून आहे. आज तिच्याकडे चार अंगांनी पाहतात: शरीर आपल्याला कसं दिसतं, त्याबद्दल काय वाटतं, आपण काय विचार करतो, आणि त्यापायी काय करतो. यातलं चौथं अंग सगळ्यात दुर्लक्षित, आणि हात घालायला सगळ्यात सोपं. आपलं बरंचसं काम तिथूनच होणार आहे.

मनातलं चित्र समोरच्या माणसाचं वागणंसुद्धा कसं रंगवतं, याचा एक प्रयोग १९८० साली क्लेक आणि स्ट्रेंटा या संशोधकांनी केला. सहभागी माणसाच्या चेहऱ्यावर मेकअपने मोठा व्रण रंगवला आणि आरशात दाखवला. मग 'रंग सुकून तडकू नये म्हणून जरा क्रीम लावतो' असं सांगून तो व्रण गुपचूप पुसून टाकला. माणूस अर्थातच व्रण आहे असं समजून अनोळखी व्यक्तीशी गप्पा मारायला गेला. परत आल्यावर या लोकांनी सांगितलं की समोरची व्यक्ती अवघडली होती, नीट वागली नाही, तिचं लक्ष चेहऱ्यावर होतं. चेहऱ्यावर तर काहीच नव्हतं! 'लोक माझ्याकडे कसे बघतात ते मला कळतं' हे वाक्य पुढच्या वेळी मनात आलं, की हा व्रण आठवून बघा.

दुसरी गोष्ट नजरेची. नजर नेमकी कुठे जाते हे टिपणाऱ्या यंत्राने २००५मध्ये एक अभ्यास झाला. खाण्याच्या विकाराची लक्षणं असलेले लोक स्वतःच्या शरीरातल्या नावडत्या भागांकडे जास्त पाहत होते आणि दुसऱ्यांच्या शरीरातल्या सुंदर भागांकडे. ज्यांना तक्रार नव्हती त्यांचं बरोबर उलट: स्वतःचं चांगलं पाहायचं, दुसऱ्याचं उणं. गंमत म्हणजे 'निरोगी' नजरसुद्धा निःपक्षपाती नाही. ती आपल्या बाजूने झुकलेली आहे, एवढंच. तुमच्या तराजूचं पारडं दुसरीकडे झुकलंय आणि तुम्ही वर्षानुवर्षं त्याच तराजूवर वजन करताय.

हे एकट्याने करू नये असे लोक

पुढच्यापैकी एखादी गोष्ट तुमच्या बाबतीत खरी असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ गाठा. दिसण्याच्या विचारात रोज एक तासाहून जास्त वेळ जातो आणि जो दोष तुम्हाला छळतो तो इतरांना दिसतच नाही किंवा जेमतेम दिसतो. त्वचा खरवडून, टोकरून जखमा होतात. मुद्दाम उपाशी राहणं, खाऊन ओकून टाकणं, खाल्लं त्याची शिक्षा म्हणून व्यायाम करणं चालू आहे. शाळा, कॉलेज किंवा नोकरी सुटण्याची वेळ आली आहे. किंवा जगणं नको वाटतंय. हे शेवटचं असेल तर आजच कुणाला तरी सांगा, उद्यावर टाकू नका.

पहिल्या लक्षणाला नाव आहे: बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर. शंभरातल्या साधारण दोघांना हा विकार असतो, बहुधा किशोरवयात सुरू होतो, आणि लाजेपोटी वर्षानुवर्षं लपवला जातो. पुरुषांमध्ये त्याचं एक रूप 'माझे स्नायू पुरेसे नाहीत' असं असतं, आणि जिममध्ये तासन्‌तास घालवणाऱ्या मुलाला काही त्रास असेल अशी शंकाही कुणाला येत नाही. यावर विशिष्ट प्रकारची वर्तनोपचार-पद्धती आणि एसएसआरआय गटातली (नैराश्यावरही देतात ती) औषधं, दोन्ही उपयोगी पडतात. कॉस्मेटिक शस्त्रक्रियेने मात्र हा विकार सहसा हटत नाही; नाक सुधारलं की तक्रार हनुवटीवर सरकते.

पहिला आठवडा: फक्त नोंदी

या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. एक छोटी वही घ्या, किंवा फोनमधली नोंदवही वापरा. दिसण्यावरून मन खाली गेलं की त्याच वेळी, किंवा जास्तीत जास्त तासाभरात, सहा गोष्टी लिहा: वेळ, काय घडलं, मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं, त्रासाचा आकडा ० ते १०० मध्ये, मग तुम्ही काय केलंत, आणि अर्ध्या तासाने पुन्हा आकडा.

एक नोंद अशी दिसेल:

सकाळी ८.४०. ग्रुपवर कालचा फोटो आला. 'दंड बघ केवढे, सगळ्यांत मीच जाड.' ७०. फोटो मोठा करून अकरा वेळा पाहिला, मैत्रिणीला विचारलं 'खरंच इतकी जाड दिसते का?', ती म्हणाली नाही, मग पूर्ण बाह्यांचा कुर्ता घातला. अर्ध्या तासाने ७५.

शेवटचा आकडा पाहा. इतकी मेहनत करून त्रास पाचने वाढला. आठवड्याच्या शेवटी वहीतलं फक्त पाचवं आणि सहावं घर वाचा. नोंदींचा सगळा उपयोग तिथे आहे. तुम्ही ज्याला उपाय समजत होता, त्यातल्या कितींनी आकडा खरोखर खाली आणला?

इथे तीन चुका हमखास होतात. रात्री आठवून लिहायचं, म्हणजे दिवसाचा सारांश येतो, प्रसंग निसटतात. 'मूड खराब' असं मोघम लिहायचं; वाक्य शब्दशः नसेल तर पुढे त्याचं काहीच करता येत नाही. आणि तिसरी, सगळ्यात घातक: त्याच वहीत वजन, कंबर, कॅलरी लिहायला लागणं. तसं झालं तर वही हीच नवी तपासणी होऊन बसते. ती पानं फाडून टाका.

दुसरा आणि तिसरा आठवडा: तपासणी कमी करणे

भीतीचं एक साधं गणित आहे. आरशात पाहिलं, पोट चिमटीत धरून पाहिलं, कुणाला तरी विचारलं, की क्षणभर बरं वाटतं. त्या क्षणभराच्या बऱ्या वाटण्यामुळे मेंदू शिकतो की तपासणं गरजेचं होतं, म्हणजे धोका खरा होता. पुढची शंका जास्त लवकर येते. टाळण्याचंही तसंच. पोहायला गेलो नाही म्हणून सुटलो. सुटलो म्हणजे तिथे काहीतरी भयंकर घडणारच होतं.

आधी मोजा. दोन दिवस प्रत्येक तपासणीला एक रेघ ओढा: घरचा आरसा, लिफ्टचा आरसा, गाडीची काच, बंद फोनचा काळा पडदा, फ्रंट कॅमेरा, व्हिडिओ कॉलमधला स्वतःचा चौकोन, हाताने चाचपणं, वजनकाटा, जुने फोटो, 'कशी दिसतेय?' हा प्रश्न. रेघा साठ-सत्तर भरल्या तर दचकू नका, बहुतेकांना स्वतःचा आकडा आधी माहीतच नसतो. मग दर चार दिवसांनी तो साधारण पाव भागाने उतरवा. साठवरून पंचेचाळीस, मग चौतीस, पंचवीस. एकदम शून्यावर येऊ नका. दोन दिवस जमतं आणि तिसऱ्या दिवशी बांध फुटतो.

आरसा कशाकरता पाहतोय हे पाहण्याआधी स्वतःशी बोला. दात घासणं, दाढी, केस विंचरणं, बटणं नीट लागलीत का बघणं, ही कामं आहेत. 'आज कसा दिसतोय ते बघू' हे काम नाही, ती कोर्टातली तारीख आहे. काम संपलं की आरशासमोरून हला. निदान एक हात अंतर ठेवा. वाढवून दाखवणारा आरसा घरात असेल तर तो काढून टाकलेलाच बरा. दोन इंचांवरून कुठलीही त्वचा चांगली दिसत नाही, आणि तिथून तुमच्याकडे कुणी पाहतही नाही.

नुसतं टक लावून बसण्यानेच चेहरा बिघडतो, हा अतिशयोक्तीचा भाग नाही. दिसण्याची काहीही तक्रार नसलेल्या लोकांना दहा मिनिटं आरशात स्वतःला न्याहाळत बसवलं तेव्हा त्यांचीसुद्धा अस्वस्थता वाढली, असं २०११च्या एका अभ्यासात आढळलं. त्याच्या आदल्याच वर्षी इटलीतल्या कापुतो या संशोधकाने अंधूक उजेडात लोकांना आरशासमोर बसवलं होतं. मिनिटभरातच अनेकांना स्वतःचा चेहरा विद्रूप होताना दिसू लागला. एकाच ठिकाणी नजर खिळली की दृष्टिसंस्था आजूबाजूचे तपशील पुसत जाते आणि उरलेलं वेडंवाकडं जोडते. रात्री बारा वाजता बाथरूमच्या मंद दिव्यात काढलेल्या निष्कर्षांची किंमत यावरून ठरवा.

फोनच्या कॅमेऱ्याचं वेगळंच. चेहऱ्यापासून साधारण तीस सेंटिमीटरवर धरून काढलेल्या सेल्फीत नाक दीड मीटरवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असा हिशेब २०१८मध्ये मांडला गेला. लेन्सच्या जवळ असेल ते मोठं दिसतं, बास. शिवाय आपण आयुष्यभर आरशातली उलटी प्रतिमा पाहिलेली असते, म्हणून फोटोतला स्वतःचा चेहरा 'काहीतरी चुकलेला' वाटतो. १९७७च्या एका प्रयोगात बायकांना त्यांच्याच फोटोची आरशासारखी उलटी प्रत जास्त आवडली आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींना सुलटी. प्रत्येकाला आपल्या सवयीची. व्हिडिओ कॉलमध्ये स्वतःचा चौकोन लपवायची सोय असते, ती आजच वापरा. पूर्ण यादीतला हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

विचारण्याची सवय मोडायला घरच्यांची मदत लागते. जवळच्या माणसाला सांगून ठेवा: 'मी कसा दिसतो असं विचारलं तर हो किंवा नाही म्हणू नकोस. एवढंच म्हण, या प्रश्नाचं उत्तर न द्यायचं आपलं ठरलंय.' पहिले तीन-चार दिवस भांडणं होतील. उत्तर मिळालं नाही तरी चिंता आपोआप उतरते, हे अनुभवाला यायला तेवढा वेळ लागतोच.

आणखी दोन खड्डे. एक म्हणजे अदलाबदल: आरसा सुटतो आणि बोटांनी चाचपणं वाढतं, म्हणून रेघा सगळ्या प्रकारांच्या एकत्रच मोजायच्या. दुसरा, उत्साहाच्या भरात घरातले आरसे झाकून टाकायचे. आरसा टाळणं आणि आरशाला चिकटणं ही एकाच भीतीची दोन टोकं आहेत.

चौथा आठवडा: आरशासमोर वर्णन

'आरसा कमी करा' म्हणून झाल्यावर लगेच 'आरशासमोर उभे राहा' हे ऐकून कुणीही वैतागेल. फरक असा, की आत्तापर्यंत एका भागाकडे पाहून निकाल दिला जात होता. आता सगळ्याकडे पाहून नुसतं वर्णन करायचं आहे.

पूर्ण उंचीचा आरसा, दिवसाचा किंवा नेहमीचा सरळ उजेड, पाच-सहा फूट अंतर. अंगावर रोजचे कपडे. पुढच्या आठवड्यांत हवं तर अधिक तोकडे. आठवड्यातून तीनदा, दर वेळी दहा ते पंधरा मिनिटं. मन आधीच पार खचलेलं असेल त्या दिवशी नको. केसांपासून सुरुवात करून पायाच्या बोटांपर्यंत या, मोठ्याने बोला, प्रत्येक भागाला साधारण सारखा वेळ द्या. ज्याने तुम्हाला पाहिलेलं नाही अशा चित्रकाराला फोनवर सांगताय असं समजा. रंग, आकार, पोत, जागा.

'नाक म्हणजे नुसता बटाटा' हा निकाल. 'नाकाचा शेंडा गोलसर आहे, डाव्या नाकपुडीशी एक तीळ, मधोमध हाड किंचित वर आलेलं' हे वर्णन. 'पोट घाणेरडं' हा निकाल. 'बेंबीच्या खाली एक आडवी घडी, त्वचा फिकट, उजवीकडे जुन्या टाक्याची दोन बोटं लांब खूण' हे वर्णन. कौतुकसुद्धा नको. 'डोळे मात्र छान आहेत' म्हटलं की पुन्हा परीक्षकाच्या खुर्चीत बसलात.

सुरू करताना, मध्यावर आणि शेवटी त्रासाचा आकडा सांगा. पहिल्या दिवशी तो चढेल, रडूही येईल कदाचित. आकडा ऐन शिखरावर असताना थांबू नका, कारण मग मेंदूच्या लक्षात राहतं ते फक्त पळून जाणं. तो खाली कलायला लागेपर्यंत वर्णन चालू ठेवा. ठरवलेल्या वेळेत कलला नाही तर पाच मिनिटं वाढवा, त्याहून जास्त नको. तीन-चार वेळा करूनही सुरुवातीचा आकडा जराही उतरत नसेल, तर बहुतेक वेळा माणूस नकोसा भाग घाईघाईने उरकत असतो किंवा तिथेच रेंगाळत असतो. घड्याळ लावून पाहा, लगेच कळतं.

पाचवा ते सातवा: टाळलेल्या गोष्टींची शिडी

दिसण्यापायी टाळलेल्या आठ-दहा गोष्टी लिहा आणि प्रत्येकीला त्रासाचा आकडा द्या. तीसपासून नव्वदपर्यंतच्या पायऱ्या हव्यात. कुणाची शिडी अशी असेल: कॅमेरा चालू ठेवून मीटिंग (३०), केस पुढे न ओढता बाजारात जाणं (४०), अर्ध्या बाह्यांत ऑफिस (५५), ग्रुप फोटोत पुढच्या रांगेत (६५), मेकअपशिवाय मित्रांना भेटणं (७५), पोहायला जाणं (९०). आठवड्याला दोन पायऱ्या, आणि प्रत्येक पायरी निदान तीनदा.

प्रत्येक वेळी आधी भाकीत लिहा, आणि ते तपासता येईल असंच लिहा. 'विचित्र वाटेल' हे भाकीत चालणार नाही. वाटणारच आहे, त्यातून काही कळत नाही. 'ऑफिसात दहापैकी निदान पाच जण माझ्या दंडांकडे पाहतील आणि एक तरी काहीतरी बोलेल' हे चालेल. मग जा आणि मोजा. मोजायला वर पाहावं लागतं, म्हणजे नजर स्वतःवरून उठून बाहेर जाते. निम्मा फायदा त्यातच आहे.

किती जण पाहतात याचा अंदाज आपण किती चुकवतो, हे २००० साली गिलोविच आणि सहकाऱ्यांनी तपासलं. विद्यार्थ्यांना एका गायकाचा चेहरा छापलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं जवळपास निम्म्या लोकांच्या ते लक्षात आलं असेल. प्रत्यक्षात साधारण पाव जणांच्याच आलं होतं. उरलेल्यांच्या डोक्यात बहुधा स्वतःचे शर्ट होते.

या टप्प्यावर बिघडतं ते लपवाछपवीमुळे. अर्ध्या बाह्या घातल्या खऱ्या, पण दिवसभर हात घडी घालून ठेवले. पोहायला गेलो, पण टॉवेल पाण्याच्या काठापर्यंत अंगावर. मग काही वाईट घडलं नाही तरी श्रेय टॉवेलला जातं. पायरी पार झाली असं तेव्हाच धरा, जेव्हा लपवण्याची ही आधाराची काठी टाकलेली असेल. काठी टाकणं फारच जड जात असेल तर एक पायरी खाली उतरा, पण काठीशिवाय चढा.

आणि भाकीत खरं ठरलं तर? कुणी खरंच काही बोललं तर? होतं असंही. मग दुसरा प्रश्न तपासायचा: बोलल्यानंतर काय झालं, आणि तुम्ही त्यातून कसे निभावलात? त्यासाठी एक-दोन वाक्यं आधीच तोंडात बसवून ठेवा. 'माझ्या वजनावर बोलायचं नाही असं मी ठरवलंय, दुसरं काही बोलू.' ओळखीच्याने पुन्हा तेच काढलं तर तेच वाक्य त्याच आवाजात, शब्दही न बदलता. स्पष्टीकरण देऊ नका. स्पष्टीकरण म्हणजे वाद घालायला आमंत्रण.

विचारांचं काय?

विचारांवर कमी लिहितोय, ते मुद्दाम. 'मी कुरूप आहे' याच्याविरुद्ध वकिली करत बसलं की समोरचा वकीलही तितकाच हुशार निघतो, कारण तो तुम्हीच असता. दाबूनही उपयोग नाही. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हटलं की तेच डोक्यात येतं, हे डॅनियल वेग्नरने १९८७ सालीच दाखवून दिलंय. वाक्याची फक्त चौकट बदला: 'मी कुरूप आहे' ऐवजी 'मी कुरूप आहे हा विचार पुन्हा आलाय'. आणि हातातलं काम चालू ठेवा.

वहीतली वाक्यं चाळताना एक मात्र जरूर पाहा, की ती कुणाच्या आवाजात आहेत. 'ढोली', 'काळतोंड्या', 'बुटक्या' हे शब्द माणूस स्वतःहून शोधून काढत नाही. सातवीतल्या बाकावर, किंवा घरातच, कुणीतरी ते दिलेले असतात. तो प्रसंग एकदा वीस मिनिटं सविस्तर लिहून काढा: तेव्हा वय किती, बोलणारं कोण, आजूबाजूला कोण हसलं. मग त्याच वयाचं दुसरं मूल समोर उभं आहे असं समजून त्याला काय म्हणाल ते लिहा. बहुतेक जण दुसऱ्या मुलाशी जे बोलतात ते स्वतःशी उभ्या आयुष्यात बोललेले नसतात.

तुलना आणि फोन

माणूस स्वतःला मोजायला दुसऱ्या माणसाची पट्टी वापरतो, असं लिऑन फेस्टिंगरने १९५४ साली मांडलं. तेव्हा पट्ट्या शेजारपाजारच्या होत्या. फिजी बेटांवर भरदार अंगाला मान होता. १९९५मध्ये एका भागात टेलिव्हिजन आला आणि तीनच वर्षांनी तिथल्या किशोरवयीन मुलींमध्ये बारीक होण्याचा ध्यास आणि खाण्याचे बिघाड वाढलेले ॲन बेकर यांना आढळले. आणि तो नुसता टीव्ही होता. आताचा पडदा खिशात आहे आणि आपण कुठे रेंगाळतो ते पाहून तसंच आणखी आणून देतो.

सतरा ते पंचवीस वयाच्या, आधीच चिंता किंवा उदासी असलेल्या तरुणांचा एक अभ्यास २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. तीन आठवडे समाजमाध्यमं दिवसाला तासाभरावर आणली, एवढ्यानेच दिसण्याबद्दलचं त्यांचं मत सुधारलं. तेव्हा फोनच्या सेटिंगमध्ये साठ मिनिटांची मर्यादा लावा. शिवाय एकदाच अर्धा तास बसून यादी साफ करा. पाहून झाल्यावर आकडा दहाने वाढवणारं प्रत्येक खातं बंद, मग ते 'प्रेरणा' देणाऱ्या व्यायामवाल्याचं असो की जुन्या मैत्रिणीचं. मैत्रिणीला कळत नाही, तिला म्यूट करता येतं.

प्रत्यक्षातल्या तुलनेसाठी एक युक्ती. समोरून येणाऱ्या दर तिसऱ्या माणसाशी स्वतःची तुलना करा. तिसरा म्हणजे तिसराच, निवड करायची नाही. एरवी आपण शंभरांतून सगळ्यात देखणा एक वेचून त्याच्याशी झुंजत असतो, हे दहा मिनिटांत उघडं पडतं.

शरीर काय करतं

सातव्या आठवड्यात तीन दिवस, दर वेळी पंधरा मिनिटं, शरीर काय काय करतं यावर लिहा. पहिल्या दिवशी इंद्रियं आणि हालचाल, दुसऱ्या दिवशी आरोग्य आणि हातून घडणाऱ्या गोष्टी, तिसऱ्या दिवशी माणसांशी नातं: मिठी, हातवारे, रडणाऱ्या बाळाला खांद्यावर घेणं. याच धर्तीचा कार्यक्रम जेसिका अलेवा यांनी तपासून पाहिलाय आणि शरीराबद्दलचं समाधान त्याने वाढतं. जुनाट दुखणं किंवा अपंगत्व असेल तर 'काय जमत नाही' याची यादी सुरू व्हायची शक्यता असते. तेव्हा कालच्या एकाच दिवसापुरतं लिहा.

दिसण्याने फरक पडतोच की

हो, पडतो. देखण्या माणसाला लोक उगाचच गुणीही समजतात, हे १९७२पासून पुन्हा पुन्हा दिसून आलंय. तेव्हा 'रूपाला महत्त्व नाही' असं स्वतःला पटवू नका, ते पटणारही नाही. नीटनेटकं राहा, केस कापा, आवडतात ते कपडे घाला. फक्त कपडे आजच्या मापाचे घ्या. 'बारीक झाल्यावर घालीन' म्हणून ठेवलेली जीन्स कपाट उघडलं की रोज बोलते. ती खोक्यात भरून माळ्यावर. वजन कमी करायचं असेल तर तो आरोग्याचा वेगळा विषय, या आठ आठवड्यांत त्याची सुरुवात करू नका. दोन्ही एकत्र केले की बरं वाटण्याचं कारण काटा आहे की सराव, ते कळत नाही, आणि काटा हलला नाही की सरावही सुटतो.

आठव्या आठवड्यात काय तपासायचं

पहिल्या आठवड्यासारख्याच नोंदी पुन्हा सात दिवस ठेवा. सुधारणा ठरावीक क्रमाने दिसते: आधी तपासण्यांच्या रेघा आणि त्यात जाणारा वेळ घटतो, मग टाळाटाळ, मग त्रासाचा आकडा. 'मी चांगला दिसत नाही' हे मत सगळ्यात शेवटी बदलतं, कधी बदलतही नाही, नुसतं बिनमहत्त्वाचं होतं. म्हणून मत तसंच आहे हे पाहून सोडून देऊ नका, रेघा मोजा. साठाच्या वीस झाल्या असतील तर काम चाललंय. रेघा निम्म्याही घटल्या नसतील तर जाणकाराची गरज आहे.

वाईट दिवस येणारच: आजारपण, पाळीच्या आधीचे दिवस, नातं तुटणं, एखादा फोटो. त्या दिवसापुरते तीन नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आज शरीराबद्दल कुठलाही निर्णय नाही, ना डाएट, ना केस कापणं, ना कॉस्मेटिक उपचारांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट. आज आरसा फक्त कामापुरता. आणि जे ठरलं होतं तिथे जायचं, उशिरा का होईना.

घरच्यांसाठीही एक सूचना. तिसरा ड्रेस बदलून झाल्यावर खोलीतून 'हा तरी बरा दिसतोय का?' असं आलं, तर 'छान दिसतेस' म्हणू नका. 'आवर, मी खाली थांबलोय,' म्हणा आणि खरंच खाली जाऊन थांबा.